कोळसा सोडवणाऱ्या कर्जाची कुळकथा

वाशीच्या खाडीपुलावरून मुंबईकडे जाताना डाव्या हाताला ट्रॉम्बे वीजकेंद्राची धुरांडी दिसतात. 1954 मध्ये जागतिक बँकेने या केंद्रासाठी टाटांना 1 कोटी 62 लाख डॉलरचे कर्ज दिले. पुढे 1978 आणि 1984 मध्येही तिथल्या विस्ताराला बँकेचा पैसा आला. कर्ज डॉलरमध्ये, खरेदी यंत्रांची आणि परतफेड विजेच्या दरातून, अशी ती रीत. कोळसा सोडण्यासाठी श्रीमंत देश आज विकसनशील देशांपुढे जो पैसा ठेवतात, त्याचे एक मूळ या रीतीत आहे.

दुसरे मूळ अगदी वेगळ्या घरातले आहे. टोनी मॅझोकी हे अमेरिकेतल्या तेल, रसायन आणि अणुउद्योगातल्या कामगार संघटनेचे पुढारी. दुसऱ्या महायुद्धात ते सैनिक होते आणि युद्धावरून परतलेल्यांच्या शिक्षणाचा भार सरकारने कसा उचलला, हे त्यांनी पाहिले होते. घातक कारखाने बंद करायचे तर त्यातल्या कामगारांनाही पगार आणि नव्या शिक्षणाचा खर्च मिळालाच पाहिजे, त्यासाठी वेगळा निधी हवा, ही मागणी त्यांनी 1990च्या आसपास लावून धरली. कामगारांसाठीच्या ‘न्याय्य संक्रमणा’ची ही कल्पना 2015च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत पोहोचली.

ही दोन्ही घराणी ग्लासगोच्या हवामान परिषदेत एकत्र आली. नोव्हेंबर 2021 मध्ये कोळसा सोडण्यासाठी दक्षिण आफ्रिकेला साडेआठ अब्ज डॉलर देण्याची घोषणा झाली. त्यामागे ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स, जर्मनी आणि युरोपीय संघ होते. 2022 मध्ये इंडोनेशियासाठी 20 अब्ज, व्हिएतनामसाठी साडेपंधरा अब्ज जाहीर झाले, पुढच्या वर्षी सेनेगलचा करार झाला. या करारांना ‘न्याय्य संक्रमण’ हे नाव मॅझोकींच्या घरचे लागले, पण वळण बँकेचेच राहिले. दक्षिण आफ्रिकेच्या त्या पहिल्या रकमेत अनुदान जेमतेम चार टक्के होते. उरलेले मुख्यतः कर्ज आणि हमी.

तिथल्या ‘एस्कॉम’ या सरकारी वीज कंपनीला जागतिक बँकेने 2010 मध्ये पावणेचार अब्ज डॉलरचे कर्ज दिले होते. त्यातला बहुतांश पैसा मेदुपीच्या कोळसा केंद्रासाठी होता. बारा वर्षांनी त्याच कंपनीचे कोमाटी केंद्र बंद झाले आणि त्याच्या रूपांतरासाठी त्याच बँकेने 49 कोटी 70 लाख डॉलर मंजूर केले. केंद्र बंद पडले तेव्हा गावातल्या रोजगाराची तयारी अपुरी होती. दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हवामान आयोगालाही 2023 मध्ये तेच आढळले.

नवी मुंबईकराला हे ऐकून जासई आठवायला हवे. शहरासाठी जमिनी आधी गेल्या, मोबदल्याचा प्रश्न मागे राहिला. जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या शेतकऱ्यांच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जणांचे प्राण गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली ती त्यानंतर. माणसांचा वाटा मागाहून ठरवला की त्याची किंमत काय होते, ते उरण-पनवेलच्या गावांनी भोगले आहे. आंतरराष्ट्रीय करार लिहिणाऱ्यांनी हा अनुभव वाचावा असे मला मनापासून वाटते.

भारतालाही अशा कराराचे निमंत्रण होते. 2022 मध्ये जर्मनीतल्या एल्माउ इथे जी-7 देशांनी तसे जाहीर केले होते, पण भारताने करार केला नाही. देशातली जवळपास तीन चतुर्थांश वीज कोळशावर तयार होते, ही अडचण खरी आहे. देणारेही पक्के नाहीत: मार्च 2025 मध्ये अमेरिका दक्षिण आफ्रिका, इंडोनेशिया आणि व्हिएतनाम या तिन्ही करारांतून बाहेर पडली.

ट्रॉम्ब्यात मात्र इंडोनेशियाहून आलेला कोळसा जळतो आहे, आणि खाडीच्या अलीकडे ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरांची विजेची भूक वाढते आहे. उद्या चंद्रपूर किंवा कोराडीचा एखादा जुना संच बंद करायला कोणी पैसा देऊ केला, तर कराराच्या पहिल्या पानावर व्याजदराच्या आधी तिथल्या कंत्राटी कामगारांची यादी असावी. बॉयलरवरचे, कोळसा हाताळणारे, राखेवर राबणारे. कायम कामगारांची नोंद कंपनीकडे असतेच. कंत्राटी कामगारांची शोधावी लागते, म्हणून ते काम कर्जाच्या पहिल्या हप्त्याआधी व्हायला हवे.