लेप्टोस्पायरोसिस : साचलेल्या पाण्यातून चालल्यानंतर येणारा ताप

पावसाळ्यात तापाचा रुग्ण आला की आम्ही डॉक्टर एक प्रश्न हमखास विचारतो : गेल्या महिनाभरात साचलेल्या पाण्यातून किंवा चिखलातून चालला होतात का? बरेच जण ते विसरून गेलेले असतात. कारण ताप लगेच येत नाही. साधारण पाच ते चौदा दिवस जातात, क्वचित महिनाही.

या आजाराचे जिवाणू उंदीर, घुशी, कुत्रे, गुरे यांच्या लघवीतून पाण्यात मिसळतात आणि पायाची जखम, भेगा किंवा डोळे, नाक, तोंड यांतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोची मोठी साथ आली होती. कोकणात भातलावणीसाठी चिखलात राबणाऱ्यांनाही हा आजार होतो.

सुरुवातीला थंडी वाजून ताप, डोकेदुखी आणि अंगदुखी असते. पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देववत नाही. डोळे लाल होतात, पण सहसा चिपडे येत नाहीत. मलेरिया किंवा डेंग्यूही असाच सुरू होऊ शकतो, त्यामुळे घरच्या घरी निदान करू नका. ‘व्हायरल असेल’ म्हणून पॅरासिटामॉलवर चार दिवस काढणे इथे महागात पडते. वेळेवर सुरू केल्यास डॉक्सिसायक्लिनसारख्या साध्या, स्वस्त अँटिबायोटिकने बहुतेक रुग्ण बरे होतात. उशीर झाला तर मूत्रपिंडे आणि यकृत निकामी होऊ शकतात, फुफ्फुसात रक्तस्राव होऊ शकतो. पहिल्या आठवड्यात रक्ताची अँटिबॉडी तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून संशय असल्यास डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता औषध सुरू करतात. त्यात घाई झाली असे समजू नका.

ताप नसला, तरी पुराच्या पाण्यातून आल्यावर पाय साबणाने धुवा आणि ७२ तासांच्या आत जवळच्या पालिका दवाखान्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. गरज वाटल्यास तिथे प्रतिबंधक गोळ्या देतात. गरोदर स्त्रियांना आणि आठ वर्षांखालील मुलांना औषध वेगळे असते, म्हणून शेजाऱ्याच्या गोळ्या घेऊ नका. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्याही मनाने नकोत. त्या मूत्रपिंडांवर ताण आणतात.

लघवी कमी होणे, डोळे पिवळे दिसणे, धाप लागणे, थुंकीतून रक्त पडणे, गुंगी येणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात न्या. आणि रुग्णाचे ताट-वाटी वेगळी ठेवायची गरज नाही. लेप्टो माणसाकडून माणसाला सहसा होत नाही.