लॅम्ब्रेटा ते विक्रम : लखनौच्या ‘स्कूटर्स इंडिया’ची वाटचाल

इटलीच्या विख्यात लॅम्ब्रेटा स्कूटरची यंत्रसामग्री आणि उत्पादनाचे हक्क विकत घेऊन भारत सरकारने १९७२ साली लखनौ येथे ‘स्कूटर्स इंडिया लिमिटेड’ या सार्वजनिक उपक्रमाची स्थापना केली.

मिलान शहरातील लॅम्ब्राते भागात, पोलादी नळ्यांचे उद्योजक फर्डिनांडो इनोचेंटी यांच्या कारखान्यात १९४७ पासून लॅम्ब्रेटा तयार होऊ लागली. भारतात तिची जुळणी मुंबईच्या ‘ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया’ने १९५० च्या दशकातच सुरू केली होती. इटलीतील उत्पादन १९७१ मध्ये थांबले आणि कारखान्यातील यंत्रे लखनौला आली.

लखनौत १९७५ मध्ये उत्पादनास प्रारंभ झाला. देशांतर्गत बाजारपेठेसाठी ‘विजय डिलक्स’ व पुढे ‘विजय सुपर’, तर निर्यातीसाठी लॅम्ब्रेटा हे मूळ नाव वापरण्यात आले. त्या काळी पुण्याच्या बजाज चेतकसाठी ग्राहकांना अनेक वर्षे प्रतीक्षा करावी लागत असे. मागणी इतकी असूनही लखनौचा कारखाना तोट्यात गेला आणि १९९७ मध्ये तेथील स्कूटरचे उत्पादन बंद झाले.

उपक्रमाला पुढे तारले ते ‘विक्रम’ या तीनचाकी वाहनाने. उत्तर भारतातील अनेक शहरांत सामायिक प्रवासी वाहतुकीचा भार या वाहनाने वाहिला. डेहराडूनमध्ये तर अशा रिक्षेला ‘विक्रम’ हेच नाव रूढ झाले.

जानेवारी २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने उपक्रम बंद करण्यास मंजुरी दिली. नाममुद्रा मात्र स्वतंत्रपणे विकण्याचे ठरले. कारखाना थांबला तरी नावाचे मोल उरले होते.