'वेताळ' : एका चित्रकथेच्या नामांतराचा इतिहास

भाषांतराचा इतिहास लिहिताना आपण सामान्यतः ग्रंथांचाच विचार करतो. ज्यांना ग्रंथ म्हणून कोणी मान दिला नाही आणि जे अखेर रद्दीच्या दुकानात वजनावर विकले गेले, अशा मुद्रित साहित्याकडे अभ्यासकाचे लक्ष सहसा जात नाही. 'इंद्रजाल कॉमिक्स'चे मराठी अंक याच वर्गातले होत. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी, म्हणजे मुंबईच्या बेनेट कोलमन कंपनीने, मार्च १९६४ मध्ये ही चित्रकथामाला सुरू केली. इंग्रजीप्रमाणेच मराठी व इतर भारतीय भाषांतूनही ती निघाली आणि १९९० मध्ये बंद पडली. तिच्या पहिल्या ३२ अंकांत एकाच नायकाच्या कथा होत्या. इंग्रजीतला हा 'फँटम' मराठीत 'वेताळ' झाला. हे नामांतर कितपत यथार्थ होते, एवढ्याच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मूळ कथा ली फॉक या अमेरिकन लेखकाची. १७ फेब्रुवारी १९३६ पासून ती तेथील वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होऊ लागली. कथेचे बीज असे : १५३६ साली समुद्री चाच्यांच्या हल्ल्यात एका तरुणाचा पिता मारला जातो. तरुण एकटाच किनाऱ्याला लागतो, तेथील बुटके वनवासी त्याला वाचवितात आणि पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून तो अन्यायाशी झुंजण्याची शपथ घेतो. त्याच्यामागून त्याचा मुलगा, मग नातू, याप्रमाणे प्रत्येक पिढी तोच मुखवटा धारण करते. आजचा नायक एकविसावा आहे. परंतु बाहेरच्या जगाला वाटते की, चारशे वर्षे हा एकच अमर पुरुष वावरतो आहे. वाचकाला मात्र खरे काय ते पहिल्यापासून ठाऊक असते.

आता चित्रांकडे पाहू. प्रारंभीचा चित्रकार रे मूर हा रात्र व सावल्या रंगविण्यात रमणारा; त्याच्यानंतरचा विल्सन मॅककॉय सोप्या, सरळ रेषेचा; आणि १९६१ पासून चित्रे काढणारा साय बॅरी शरीराच्या बांधणीकडे विशेष लक्ष देणारा. मराठी वाचकाला मुख्यतः शेवटच्या दोघांची चित्रे पाहावयास मिळाली. शैली भिन्न असल्या तरी एक गोष्ट समान आहे. नायकाला कोणीही भुतासारखा रेखाटलेला नाही. तो घोड्यावर बसतो, जखमी होतो, ठोसा मारतो. अमानुषतेची खूण एकच : मुखवट्याआडच्या डोळ्यांत बुबुळे काढलेली नसतात. म्हणजे चित्र माणूस दाखविते आणि नाव पिशाच सांगते. हा विरोध इंग्रजीतही आहेच. परंतु 'फँटम' या शब्दाला आकार नाही, कूळ नाही. 'वेताळ' या शब्दाला दोन्ही आहेत.

मराठीत या शब्दाचे तीन अर्थ एकमेकांत मिसळलेले आढळतात. पहिला लोकसमजुतीतला : वेताळ हा भुतांचा राजा, अमावास्येच्या रात्री त्याची स्वारी निघते. दुसरा कथावाङ्मयातला. सोमदेवाच्या अकराव्या शतकातील 'कथासरित्सागरा'त वेताळ हा प्रेतात शिरून बोलणारा आत्मा आहे. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८३० मध्ये 'वेताळपंचविशी' मराठीत आणली, तेव्हापासून तो मुद्रित मराठीतही नांदतो आहे. तिसरा अर्थ कोकण व गोव्यातला. तेथे वेताळ अथवा बेताळ हा ग्रामदेव आहे, गावाच्या सीमेचा राखणदार आहे. गोव्यात आमोणे आणि लोलये ही त्याची प्रसिद्ध स्थाने होत.

या तिन्ही अर्थांच्या कसोटीवर नामांतर तपासले असता निष्कर्ष भिन्न येतात. भुतांचा राजा या अर्थाने नाव चुकीचे ठरते, कारण नायक भूत नाही. प्रेतात शिरणारा आत्मा या अर्थाने ते अनपेक्षितपणे अचूक ठरते : देह एकवीस, त्यांत वावरणारे तत्त्व एक. राखणदार या अर्थाने ते सर्वांत जवळचे आहे, कारण अरण्यातील टोळ्यांचे रक्षण हेच या नायकाचे काम. लालबाग-परळच्या गिरणी कामगारांच्या आणि गिरगावातील चाळकऱ्यांच्या कितीतरी कुटुंबांचे मूळ गाव कोकणात होते. अशा घरातल्या मुलाला राखणदार वेताळ परका वाटण्याचे कारण नव्हते. मूळ इंग्रजी शब्दात जो अर्थ नव्हता, तो मराठी शब्दाने कथेला दिला.

याउलट स्थळांच्या व टोळ्यांच्या नावांबाबत धोरण नेमके विरुद्ध दिसते. मूळ कथेतील 'बेंगाला' हा प्रदेश या मालेत 'डेंकाली' झाला, 'सिंग' चाचे 'सिंगा' झाले. मूळ नावांनी बंगालची व भारतीय आडनावांची आठवण झाली असती, हे उघड आहे. नायक जवळ आणावयाचा आणि देश दूर न्यावयाचा, अशी ही दुहेरी योजना होती. तिच्यामुळेच कोकणच्या देवाचे नाव धारण करणारा गोरा पुरुष कोणत्याही नकाशात न सापडणाऱ्या अरण्यात नि:शंकपणे वावरू शकला. त्या अरण्याचा राखणदार गोराच का, हा प्रश्न मात्र देश दूर गेल्याने झाकला गेला. नामांतराची ही दुसरी बाजूही नोंदवावयास हवी.

पुढील इतिहास थोडक्यात सांगता येतो. या मालेच्या उभारणीत सहभागी असलेले अनंत पै यांनी १९६७ मध्ये इंडिया बुक हाउसतर्फे 'अमर चित्र कथा' सुरू केली आणि पुराणकथांना चौकटींत आणले. 'इंद्रजाल'मध्येही १९७६ साली आबिद सुरती यांचा 'बहादूर' अवतरला. त्याची चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची. उसन्या नायकाला देशी नाव देण्यापासून देशी नायक निर्माण करण्यापर्यंतचा हा प्रवास बारा वर्षांचा आहे.

चित्रकथेचा भाषांतरकार स्वतंत्र नसतो. चौकट ठरलेली, फुग्याचा आकार ठरलेला. त्यात मावेल तेवढीच मराठी त्याला लिहिता येते. अरण्यातील म्हणी म्हणून येणारी छोटी वाक्येही त्याला मराठी म्हणीच्या वळणाने घडवावी लागतात. अशा बंधनात घडलेल्या वाक्यरचनेचा अभ्यास झाला पाहिजे. परंतु त्यासाठी अंक हाती हवेत. वाचून वाचून फाटणे हीच या अंकांची नियती होती. जे उरले आहेत ते बहुतांशी हौशी संग्राहकांच्या कपाटांत आहेत. विद्यापीठीय ग्रंथालयांनी ते मिळवून क्रमवार जतन केले नाहीत, तर एका पिढीने कोणत्या मराठीत अद्भुत वाचले, या प्रश्नाचे उत्तर आपल्याला केवळ आठवणींवरून द्यावे लागेल. आणि आठवण हा भाषाशास्त्रात पुरावा होऊ शकत नाही.