सळई फिरविणारा हात

आजच्या भाषणाचा विषय ऐकून कांहीं घरांतून रेडिओची कळ फिरविली जाईल, याची मला जाणीव आहे. सबंध डुक्कर विस्तवावर भाजण्यासाठीं घरच्या घरीं विजेवर चालणारें यंत्र तयार करणें, हा तो विषय. अमेरिकेंतील कित्येक हौशी गृहस्थ सुटीच्या दिवशीं आपल्या परसांत हा उद्योग करतात. ज्यांना मांसाहार वर्ज्य आहे त्यांनीं पाहिजे तर डुकराच्या जागीं भला मोठा भोपळा कल्पावा. माझ्या सांगण्यांत त्यानें फारसा फरक पडणार नाहीं. कारण माझें लक्ष ताटाकडे नसून सळईच्या टोकाशीं असलेल्या हाताकडे आहे. तो हात कोणाचा होता, आणि तो तेथून सुटण्यास इतकीं शतकें कां लागलीं, एवढेंच मला पाहावयाचें आहे.

मांस सळईवर भाजण्याची रीत फार जुनी. होमरच्या ‘इलियड’ काव्यांत अकिलीस आपल्या पाहुण्यांसाठीं निखाऱ्यांवर सळया मांडतो. आपल्याकडे संस्कृतांत अशा मांसाला ‘शूल्य’ असा स्वतंत्र शब्दच आहे, आणि ‘शाकुंतला’च्या दुसऱ्या अंकांत, राजाच्या शिकारीपायीं अवेळीं हेंच खावें लागतें म्हणून विदूषक कुरकुरतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत, म्हणजे इ. स. ११३० च्या सुमारास, डुकराचे केस काढून मांस निखाऱ्यांवर भाजण्याची कृति आली आहे.

परंतु तुकडे भाजणें निराळें आणि सबंध जनावर भाजणें निराळें. तुकडा चिमट्यानें उलटतां येतो. चाळीस किलोचें धूड उलटतां येत नाहीं, तें सतत फिरतें ठेवावें लागतें. फिरणें थांबलें कीं एक अंग करपतें, दुसरें कच्चें राहतें, आणि वितळलेली चरबी एकाच जागीं ठिबकून जाळ भडकतो. फिरत्या जनावरावर मात्र तीच चरबी कातडीवरून घरंगळत सर्वांगास लागते. मिनिटास चारपांच फेरे, असे सहापासून आठ तास. म्हणजे एकूण दोन हजारांच्या आसपास फेरे. त्यांत घाई उपयोगाची नाहीं आणि विसांवाहि नाहीं.

युरोपांतील मोठ्या वाड्यांतून हें काम पोरांकडे असे. लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याचें आठव्या हेन्रीचें मुदपाकखानें आजहि पाहावयास मिळतें. तेथील चुलाणीं एवढालीं आहेत कीं त्यांच्यासमोर दिवसभर उभें राहणाऱ्या मुलाची कल्पनाच करवत नाहीं. सन १५२६ मध्यें या राजाच्या दरबारानें गृहव्यवस्थेचे नियम केले. त्यांत असें एक कलम आहे कीं, स्वयंपाकघरांतील पोरांनीं नागवें किंवा घाणेरड्या चिंध्यांत वावरूं नये, आणि विस्तवाशेजारीं जमिनीवर झोंपूं नये. नियम करावा लागला, यावरूनच पूर्वी काय चालत होतें तें उघड होतें. सळई फिरविणाऱ्या पोराला दुसरें कांहीं यावें लागत नसे. त्यानें फक्त तेथें असावयाचें. इंग्रजी अमदानींत आपल्या कचेऱ्यांच्या व्हरांड्यांत बसून पंख्याची दोरी ओढणारा मनुष्य हा त्याचाच दूरचा भाऊबंद म्हणावयाचा.

पोराच्या जागीं पुढें कुत्रा आला. जॉन केयस नांवाच्या वैद्यानें १५७० मध्यें इंग्लंडांतील कुत्र्यांवर एक लॅटिन पुस्तक लिहिलें. १५७६ मध्यें त्याचें इंग्रजी भाषांतर झालें. त्यांत या कुत्र्याची नोंद असून, चाकांत शिरून आपल्या वजनानें तो तें असें इमानानें फिरवितो कीं कोणा नोकरालाहि तें साधणार नाहीं, अशी त्याची तारीफ आहे. लांब अंग, आंखूड वांकडे पाय. त्याचें लांकडी चाक चुलीपासून दूर, भिंतीवर उंच बसवीत, आणि तेथून दोरी किंवा सांखळी सळईपर्यंत आणीत. विल्टशायर परगण्यांतील लेकॉक गांवीं एका खानावळींत असें चाक अजून आहे. कुत्र्याची ती जात मात्र एकोणिसाव्या शतकाबरोबर संपली. काम गेल्यावर कोणी ती पाळली नाहीं. दिसावयास ती बापडी कुरूपच होती. वेल्समधील ॲबरगेव्हनी येथील संग्रहालयांत ‘व्हिस्की’ नांवाची पेंढा भरलेली एक कुत्री काचेच्या पेटींत ठेवलेली आहे, तेवढीच तिची खूण.

आतां नवल असें कीं, याच काळांत शहाणीं माणसें या सळईपायीं डोकें खाजवीत होतीं. लिओनार्दो दा व्हिंचीच्या टिपणवह्यांत धुराड्यांत बसविलेल्या पंख्याचें चित्र आहे. तापलेली हवा वर जातांना तो पंखा फिरवी, आणि दांत्यांच्या चाकांकरवीं सळई फिरे. जाळ मोठा झाला कीं सळई जलद, मंदावला कीं सावकाश. भाजण्यास हवा तसा मेळ आपोआपच बसतो, हें त्यानें टिपून ठेवलें आहे. सन १५५१ मध्यें तकियुद्दीन या मुसलमान ज्योतिष्यानें आपल्या यंत्रविषयक अरबी ग्रंथांत बंद भांड्यांतून सुटणाऱ्या वाफेच्या फवाऱ्यानें फिरणारी सळई वर्णिली आहे. आगगाड्या हांकण्यापूर्वीं कितीतरी आधीं वाफेला मांस भाजण्याचें काम सांगण्यांत आलें होतें! १५८० सालीं जर्मन मुलखांतून प्रवास करणाऱ्या माँतेन या फ्रेंच लेखकानें घड्याळासारख्या वजनांवर चालणाऱ्या आणि धुरावर चालणाऱ्या, अशा दोन्ही तऱ्हेच्या सळया पाहिल्या. वजनाच्या यंत्राला वरचेवर किल्ली द्यावी लागे, पण गति एकसारखी राही. इंग्लंडांतील सधन घरांतून पुढें दोनशें वर्षें तें नांदलें.

धुराच्या पंख्याची सर्वांत कडक टीका काउंट रम्फर्ड यानें अठराव्या शतकाच्या अखेरीस केली. उष्णता हा त्याचा अभ्यासाचा विषय, आणि जळण फुकट गेलेलें पाहून त्याच्या अंगाचा तिळपापड होई. धुराच्या पंख्यानें सळई फिरविण्यास जेवढें सर्पण जळतें त्याच्या हजाराव्या हिश्शाहून कमी सर्पणांत वाफेचें चांगलें यंत्र तेंच काम करील, असा त्याचा दावा होता.

या हजाराव्या हिश्शांतच आपल्या गोष्टीचें मर्म आहे. थोडा हिशेब करूं. चाळीस किलोचें डुक्कर सळईवर अगदीं मध्यभागीं बसत नाहीं. तें पांच सेंटिमीटर एका बाजूस कललेलें आहे असें धरा. मिनिटास साडेचार फेऱ्यांच्या गतीनें तें उचलून फिरविण्यास, भार सर्वांत जड लागतो त्या क्षणींहि, दहा वॉटांहून कमी शक्ति पुरते. धडधाकट मनुष्य दिवसभर सुमारें पंचाहत्तर वॉट देऊं शकतो. म्हणजे त्या मुलाचें बळ कोणाला नकोच होतें. त्याचा दिवस तेवढा हवा होता. आणि बळाची अडचण नसून सातत्याची होती म्हणूनच, स्वस्त पोर हाताशीं असेपर्यंत, यंत्राचा खर्च करण्याची निकड फारशी कोणास भासली नाहीं.

विजेचा प्रवेशहि याच चुलीवाटे व्हावा, ही गंमत पाहा. बेंजामिन फ्रँकलिन यानें १७४९ मध्यें फिलाडेल्फियाहून लंडनच्या पीटर कॉलिन्सन यास एक पत्र लिहिलें. उभ्या आंसाभोंवतीं कांचेच्या तीस काड्या, प्रत्येकीच्या टोकाला शिंप्याचें पितळी अंगुस्तान, आणि शेजारीं विजेनें भारलेल्या लेडन बरण्या, असें एक चाक त्यानें बनविलें होतें. तें मिनिटास बारापंधरा फेरे घेई. त्याच्या आंसावर मोठा पक्षी टोंचला तर तो भाजण्याजोग्या गतीनें फिरेल, असें त्यानें कळविलें. विजेनें मारलेला टर्की पक्षी विजेच्या सळईवर भाजून स्कुइलकिल नदीच्या कांठीं मेजवानी करण्याचा त्याचा अर्धा थट्टेचा बेतहि त्याच पत्रांत आहे. पुढल्या वर्षीं नाताळाच्या सुमारास टर्कीला द्यावयाचा धक्का चुकून त्यालाच बसला, आणि तो बेशुद्धच पडला! विद्युत्‌प्रवाहानें तार फिरवून फॅरडेनें दाखविली ती १८२१ मध्यें. त्याच्या बहात्तर वर्षें आधीं विजेचें चाक भाजण्याच्या कामासाठीं मनांत योजून झालें होतें.

आतां परसांतील कारागिराकडे येऊं. जुन्या मोटारगाडीच्या वायपरची मोटर त्याला अल्प किंमतींत मिळते. तिच्या पोटांत मळसूत्री दांत्यांचें चाक असल्यामुळें ती मुळांतच संथ व जोरकस असते. मिनिटास सुमारें पंचेचाळीस फेरे. पुढें सायकलच्या चौदा व चव्वेचाळीस दांत्यांच्या चक्रांच्या दोन जोड्या सांखळीनें जोडल्या कीं साडेचार फेरे उरतात. सळईसाठीं जस्ताचा मुलामा दिलेला नळ घेऊं नये; जस्त फार तापल्यास त्याचा धूर बाधतो. विस्तव पोटाखालीं न ठेवतां खांद्यांखालीं व मांड्यांखालीं ठेवावा, कारण जाड भाग तेथें असतात. पाठीचा कणा सळईला पक्का आंवळावा लागतो. तसें न केल्यास मांस शिजून सैल पडतें, सळई फिरत राहते आणि डुक्कर जागच्या जागीं लोंबकळतें. जाळ पेटविण्यापूर्वीं भरलेली सळई दोन आधारांवर मोकळी सोडून पाहावी. जड बाजू खालीं येऊन थांबेल. तिच्या विरुद्ध बाजूस वजन बांधावें.

फिलिपाइन्समध्यें अजून पुष्कळ ठिकाणीं जाड बांबूवर घातलेलें डुक्कर माणसेंच हातानें फिरवितात. गोव्यांतील ख्रिस्ती कुटुंबांत सणासमारंभाला पिलू भाजतात, पण तें बहुधा भट्टींत जातें. तेथें फिरविण्याचा प्रश्न येत नाहीं.

अमेरिकेंतला जाणता कारागीर सगळें जुळवून झाल्यावर आणखी एक काम करतो. बॅटरी उतरली किंवा सांखळी निसटली तर पंचाईत होऊं नये म्हणून सळईच्या दुसऱ्या टोकाला हातानें फिरविण्याचा एक दांडा तो बसवून ठेवतो, आणि त्या टोकाशेजारीं एक खुर्ची.