लोहकठीण गलगंड

अंतःस्रावी ग्रंथींपैकी गळ्याच्या पुढील भागात असलेली थायरॉइड ग्रंथी वैद्याच्या बोटांना सहज तपासता येते. ती वाढली म्हणजे गलगंड होतो, हे श्रोत्यांस ठाऊकच आहे. परंतु वाढलेली ग्रंथी दगडासारखी कठीण लागली, की पहिली शंका येते ती कर्करोगाची. ही शंका रास्तच होय. तथापि क्वचित ती खोटी ठरते, आणि हे वेळीच न ओळखल्यास रोग्याच्या गळ्यावर नको तेवढी शस्त्रक्रिया होऊ शकते.

जर्मनीतील येना येथे शल्यशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या बर्नहार्ड रीडेल यांनी १८९६ साली जर्मन शल्यवैद्यांच्या परिषदेपुढे असे दोन रोगी मांडले. त्यांतील पहिला त्यांच्या पाहण्यात १८८३ मध्येच आला होता. ग्रंथी लोखंडासारखी कठीण होऊन आसपासच्या भागांस घट्ट चिकटली होती. लक्षणे सारी कर्करोगाची. संपूर्ण ग्रंथी काढणे शक्यच नव्हते. म्हणून श्वासनलिकेवरील दाब कमी करण्यापुरता भाग कापून रीडेल थांबले. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र कर्कपेशी आढळल्या नाहीत. तेथे होते ते दीर्घकालीन दाहाने माजलेले तंतूंचे जाळे.

पुढे १९१२ साली जपानमधील हाकारू हाशिमोतो यांनी थायरॉइडच्या एका निराळ्या दाहाचे वर्णन केले. हाशिमोतोंचा विकार ही रीडेलच्या विकाराची पूर्वावस्था होय, असे अनेक तज्ज्ञ दीर्घकाळ मानीत. परंतु दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. हाशिमोतोंच्या विकारातील तंतू ग्रंथीच्या वेष्टनाआत राहतात. रीडेलच्या विकारातील तंतू वेष्टन ओलांडून स्नायूंत शिरतात.

हा विकार किती दुर्मिळ? अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये १९२० ते १९८४ या काळात थायरॉइडच्या सुमारे ५७ हजार शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत असे रोगी केवळ ३७ निघाले. निदानही सोपे नाही. तंतुमय गाठीत सुई घातली तरी पुरेशा पेशी हाती येत नाहीत. त्यामुळे बहुधा छेद घेऊन तुकडाच तपासावा लागतो. शिवाय थायरॉइडमध्ये क्वचित खरोखरीचा तंतुमय अर्बुदही आढळतो. क्लेंपरर आणि रॅबिन यांनी १९३१ साली फुप्फुसाच्या आवरणातील ज्या अर्बुदाचे वर्णन केले, त्याच जातीचा हा. या अर्बुदात दोन जनुके एकमेकांस जोडली जातात, असे २०१३ साली दिसून आले, आणि तेव्हापासून एका विशिष्ट प्रथिनाच्या रंजन-परीक्षेने तो ओळखता येऊ लागला.

रीडेलच्या विकाराचे कोडेही काही अंशी उलगडले. स्वादुपिंडाच्या एका दाहात आयजीजी-४ नावाची प्रतिपिंडे रक्तात वाढतात, असे २००१ साली जपानी वैद्यांनी दाखविले. हाच व्याधी निरनिराळ्या अवयवांत तंतू माजवितो, हे हळूहळू उमगले. २०१० साली रीडेलच्या विकाराचे नातेही त्याच्याशी जोडले गेले. आता अनेक रोग्यांस स्टेरॉइड औषधांनी उतार पडतो. काहींस टॅमॉक्सिफेनचा उपयोग होतो. शस्त्रक्रिया प्रामुख्याने श्वासनलिका मोकळी करण्यासाठी आणि तपासणीचा तुकडा घेण्यासाठी करतात. ग्रंथी सरसकट काढू गेल्यास स्वरयंत्राच्या नसेला इजा होऊन रोग्याचा आवाज जाण्याचे भय असते. म्हणूनच कठीण गाठ हाती लागली, तरी तुकड्याची परीक्षा होईपर्यंत तिला कर्करोग म्हणू नये, हा रीडेल यांच्या त्या दोन रोग्यांपासूनचा धडा आजही लागू आहे.