अतिया फैजी : जंजिरा, लंडन आणि कराची

अंबरनाथच्या एका मुलींच्या शाळेत आठ मार्चला बोलायला गेलो होतो. परदेशी जाऊन शिकलेल्या आपल्याकडच्या पहिल्या बायका कोण, असे विचारले. अर्ध्या वर्गाने एकदम आनंदीबाई जोशींचे नाव घेतले. ते यायलाच हवे होते. आनंदीबाईंचा जन्म १८६५ चा, कल्याणचा. अंबरनाथहून लोकल पकडली तर मधली दोन स्टेशने सोडून कल्याण. १८८३ मध्ये अठराव्या वर्षी ही मुलगी बोटीने अमेरिकेला गेली, १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाली आणि पुढच्याच वर्षी पुण्यात वारली. मुलींना हे सगळे पाठ होते. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, आपल्यातली कोणी गेली होती का?" आपल्यातली म्हणजे मुसलमान.

मी म्हटले, गेली होती. अतिया फैजी. नाव कुणीच ऐकलेले नव्हते, शिक्षिकांनीही नाही. ज्या एका बाईंनी ऐकले होते त्यांनी मला हळूच विचारले, "ती इक्बालची ना?"

हा प्रश्न मला नवा नाही. अतिया बेगम नव्वद वर्षांच्या आसपास जगल्या, तीन खंडांत फिरल्या, पुस्तके लिहिली, संगीतावर व्याख्याने दिली, मुलींच्या शिक्षणासाठी झटल्या. लक्षात काय राहिले, तर त्यांना कोणत्या मोठ्या माणसाने पत्रे लिहिली. म्हणून आज पत्रे बाजूला ठेवतो आणि बाईंविषयी लिहितो.

अतियांचा जन्म १८७७ मध्ये इस्तंबूलला झाला. वडील हसनअली हे व्यापारी, ऑटोमन दरबाराशी त्यांचा व्यवहार होता. आईचे घराणे मुंबईचे तय्यबजी. हे सुलेमानी बोहरा लोक. बद्रुद्दीन तय्यबजी याच घरातले. ते काँग्रेसच्या १८८७ च्या मद्रास अधिवेशनाचे अध्यक्ष होते आणि पुढे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. या घराची एक गोष्ट मला फार आवडते. घरात मोठ्या वह्या ठेवलेल्या असत. त्यांना 'अखबार' म्हणत. घरातल्या कुणीही, बायकांनी आणि मुलांनीसुद्धा, त्यात रोजच्या गोष्टी लिहायच्या आणि बाकीच्यांनी त्या वाचायच्या. ज्या काळात बाईने लिहिलेला कागद परक्याच्या हाती पडणे हीच बेअब्रू समजली जाई, त्या काळात या घरातल्या मुली लिहून दाखवायला शिकत होत्या. १९०३ मध्ये मुंबईत मुस्लिम शिक्षण परिषद भरली. तिचे अध्यक्ष बद्रुद्दीन होते आणि पडद्याच्या अतिरेकाविरुद्ध ते अध्यक्षपदावरून बोलले.

तीन बहिणी : झेहरा, नाझली आणि अतिया. नाझलीचे लग्न जंजिऱ्याचे नवाब सिद्दी अहमद खान यांच्याशी झाले. आपण जंजिरा म्हटले की मुरुडच्या समुद्रातला किल्ला, तोफा आणि शिवाजी महाराजांच्या मोहिमा एवढेच आठवतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र जंजिऱ्याच्या या बेगमेचे घर म्हणजे मुस्लिम स्त्रीशिक्षणाच्या चळवळीचे एक ठाणे होते. मौलाना शिबली नोमानींसारखा आलिम तिथे पाहुणा म्हणून येऊन राहत असे. बहिणी लाहोरच्या 'तहजीब-ए-निस्वां'साठी लिहीत. १८९८ मध्ये सय्यद मुमताज अली आणि त्यांच्या पत्नी मुहम्मदी बेगम यांनी ते सुरू केले होते आणि संपादक मुहम्मदी बेगम होत्या. अलीगढला मुलींची शाळा उभी राहत होती, तिलाही या बहिणींचा हात लागला. यात पगार नव्हता, पद नव्हते. हल्ली आपण ज्याला स्वयंसेवा म्हणतो ते हेच.

१९०६ मध्ये अतियांना सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. लंडनच्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात अध्यापनाचे शिक्षण घ्यायचे होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बद्रुद्दीन तय्यबजी लंडनमध्येच वारले. अशा दुखवट्याच्या दिवसांत घरातली एकोणतीस वर्षांची अविवाहित मुलगी त्याच शहरात शिकायला निघते आणि घर तिला अडवत नाही, याचे मला आजही नवल वाटते. आज आमच्या बदलापुरात मुलीला कॉलेजसाठी मुंबईला लोकलने पाठवतानाही बापाचा जीव खालीवर होतो, मीही त्यातलाच.

लंडनहून अतिया रोजनिशी लिहून घरी पाठवत. झेहरा ती नीट करून 'तहजीब-ए-निस्वां'कडे देत. त्यामुळे झाले असे की, आयुष्यात उंबरठा न ओलांडलेल्या लाहोर-लखनौच्या बायका लंडनचे वर्ग, संग्रहालये, बागा, नाटके, तिथली थंडी आणि तिथले हिंदी विद्यार्थी एका मुसलमान बाईच्या नजरेने पाहू लागल्या. 'जमाना-ए-तहसील' या नावाने ही रोजनिशी पुढे १९२१ च्या सुमारास पुस्तकरूपाने आली. तहसील म्हणजे मिळवणे, ज्ञान मिळवणे. तहसील कचेरीशी संबंध फक्त शब्दाचा!

त्या काळातल्या अतियांच्या छायाचित्रांत त्यांचे डोके झाकलेले आहे आणि चेहरा उघडा आहे. हा पेहराव त्यांनी स्वतः बेतला होता. त्यांनी बुरखा घेतला नाही आणि मडमेचा झगाही घातला नाही. आज हिजाबावर दोन्ही बाजूंनी आवाज चढवणाऱ्यांना सांगावेसे वाटते की, एका बाईने हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी शिंप्याला सोबत घेऊन सोडवला होता.

शिक्षण मात्र पूर्ण झाले नाही. तब्येत बिघडली आणि साधारण वर्षभराने, १९०७ मध्ये, त्या पदवीशिवाय परतल्या. मुंबईत मुलींसाठी शाळा काढायची, शिक्षिका व्हायचे, हा बेत तिथेच राहिला. चरित्रे लिहिणारे इथे घाईने पुढे जातात. मला वाटते, पुढच्या अतियांची सुरुवात इथूनच होते. ठरलेला रस्ता बंद झाल्यावर त्यांनी एकामागून एक नवे रस्ते धरले.

इक्बालांची भेट लंडनच्या याच मुक्कामातली, १९०७ ची. तेव्हा ते अल्लामा झाले नव्हते, केंब्रिजला शिकणारा तरुण होते. दोघांत तत्त्वज्ञानावर चर्चा होत. हायडेलबर्गलाही भेट झाली. पुढे १९०९ मध्ये इक्बालांनी आपल्या दुःखी संसाराविषयी अतियांना मोकळेपणाने लिहिले. ही पत्रे अतियांनी स्वतःच १९४७ मध्ये 'इक्बाल' नावाच्या इंग्रजी पुस्तकात छापली. शिबलींनी या बहिणींना लिहिलेली पत्रेही त्यांच्या मृत्यूनंतर छापली गेली आणि उर्दू जगताला चघळायला विषय मिळाला. दोन विद्वान एका बाईला बरोबरीच्या नात्याने पत्रे लिहितात, म्हणजे तिला काही कळत असले पाहिजे, हा साधा निष्कर्ष फार थोड्यांनी काढला.

१९०८ मध्ये अतिया पुन्हा युरोपात गेल्या, या वेळी नाझली आणि नवाबांबरोबर. या प्रवासात तुर्कस्तानही होते, म्हणजे जन्मभूमी. नाझलीनेही 'सैर-ए-युरोप' नावाचे प्रवासवर्णन लिहिले. एका छोट्या कोकणी संस्थानाच्या बेगमेचे हे उर्दू प्रवासवर्णन आहे. मुरुडला दरवर्षी इतके पर्यटक जातात, किल्ल्याच्या नावाड्यांना कलालबांगडी तोफेची सगळी माहिती असते, या बेगमेची नसते. १९१३ मध्ये नाझली आणि नवाबांचा विवाह संपला आणि बहिणींचा जंजिऱ्याशी संबंधही.

त्याआधी, १९१२ मध्ये, अतियांनी लग्न केले होते. नवरा सॅम्युएल रहामिन, चित्रकार. जन्म पुण्याचा, समाज बेने इस्राईल. म्हणजे कोकणात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून शनिवार तेली म्हटले गेलेले आपले मराठी ज्यू. रहामिन मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये आणि नंतर लंडनच्या रॉयल अकादमीत शिकले होते. त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि बायकोचे आडनाव आपल्या नावाला जोडले : फैजी रहामिन. नवऱ्याने बायकोचे आडनाव लावल्याची उदाहरणे मला आजच्या मुंबईतही शोधावी लागतील.

इथून अतियांचा दुसरा व्यवसाय सुरू झाला, संगीताचा. १९१४ मध्ये लंडनमध्ये त्यांचे हिंदुस्थानी संगीतावरचे इंग्रजी पुस्तक निघाले. १९२५ मध्ये ते 'द म्युझिक ऑफ इंडिया' या नावाने वाढवून आले. रागांची चित्रे नवरा काढी, मजकूर त्या लिहीत. युरोप-अमेरिकेत नवऱ्याच्या चित्रांची प्रदर्शने होत आणि अतिया संगीतावर बोलत. १९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तिच्यामागे पंडित भातखंडे होते. अतिया बेगमही तिथे होत्या. घरंदाज बाईने गाण्याविषयी चारचौघांत बोलावे हे तेव्हा हिंदूंतही सहज नव्हते आणि मुसलमानांत तर नव्हतेच. गाणे म्हणजे कोठा, हे समीकरण मोडण्याचे श्रेय आपण भातखंडे-पलुस्करांना देतो आणि ते रास्तच आहे. या यादीत अतियांचे नाव मात्र कुणी घेत नाही.

विसाच्या दशकाच्या मध्यात अलीगढच्या शिक्षण परिषदेत त्या चेहरा उघडा ठेवून पुरुषांच्या सभेसमोर उभ्या राहिल्या आणि बायकांना अल्लाहच्या या जमिनीवर मोकळेपणाने फिरण्याचा हक्क आहे, असे सांगितले. अलीगढ म्हणजे आधुनिक मुसलमानांचे घर. तिथेही ते अनेकांना झेपले नाही.

त्या संत वगैरे नव्हत्या, हेही सांगायला हवे. पैसा होता, मोठ्या घरच्या ओळखी होत्या, नोकरचाकर होते. इंग्रज सरकारशी या घराण्याचे बरे चालले होते. स्वभाव तिखट होता, स्वतःविषयीचे मत उत्तम होते. कोकणातल्या मासे विकणाऱ्या किंवा भिवंडीत मागावर बसणाऱ्या मुसलमान बाईच्या आयुष्याशी त्यांचा संबंध फारसा आला नाही. त्यांची भाषा उर्दू, मराठी नव्हे. पण सुखवस्तू होत्या म्हणून त्यांना वगळायचे तर सुधारणेच्या इतिहासातली निम्मी नावे खोडावी लागतील.

आता उल्हासनगरकडे येतो, कारण ही गोष्ट मला आमच्या भागाची वाटते ती त्यामुळे.

फाळणीच्या वेळी अतिया, सॅम्युएल आणि नाझली मुंबईत मलबार हिलला राहत. घराचे नाव 'ऐवान-ए-रिफअत'. तिथे गाणे, कविता, नाटक यांच्या बैठका होत. बॅरिस्टर जिना याच भागात राहणारे, ओळखीचे. त्यांच्या निमंत्रणावरून १९४८ मध्ये हे तिघे कराचीला गेले. अतियांचे वय तेव्हा सत्तरीचे. त्याच वर्षी ६ जानेवारीला कराचीत दंगल झाली आणि तिथल्या सिंधी हिंदूंचे पाय निघाले. बोटी भरभरून ते मुंबईला उतरले. हजारोंना कल्याणजवळच्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत आणून टाकले. बराकी, पोत्यांचे पडदे, रेशनच्या रांगा. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि कल्याण कॅम्पचे उल्हासनगर झाले. पत्ते मात्र आजही कॅम्प नंबर एक ते पाच असेच सांगतात.

म्हणजे एकाच समुद्रात, एकाच वर्षी, एक लोंढा कराचीहून मुंबईला येत होता आणि अतिया मुंबईहून कराचीला जात होत्या. त्यांना कुणी हाकलले नव्हते, हा फरक मोठा आहे. त्या मानाने गेल्या, जागा मिळाली, तिथेही घर बांधले आणि त्यालाही मुंबईच्या घराचेच नाव दिले : ऐवान-ए-रिफअत. चित्रे, वाद्ये, पुस्तके मांडली, बैठका पुन्हा सुरू केल्या. पण ११ सप्टेंबर १९४८ ला जिना वारले आणि नव्या देशात त्यांना विचारणारे कुणी उरले नाही. पुढे ते घरही त्यांना सोडावे लागले. साठच्या दशकात इकडे उल्हासनगरच्या सिंध्यांनी स्वतःचे सीएचएम कॉलेज उभे केले. तिकडे अतिया बेगम उपऱ्यासारख्या, पैशाच्या विवंचनेत दिवस काढत होत्या. १९६४ मध्ये सॅम्युएल गेले. ४ जानेवारी १९६७ रोजी अतिया गेल्या.

आनंदीबाई आपल्या लक्षात राहिल्या, कारण काशीबाई कानिटकरांनी त्यांचे चरित्र मराठीत लिहिले आणि पुढे श्री. ज. जोशींनी 'आनंदी गोपाळ' लिहिले. अतियांचे दुर्दैव दुहेरी. भारतात त्या पाकिस्तानला गेलेल्या बाई आणि पाकिस्तानात मुंबईहून आलेल्या. इकडच्या पाठ्यपुस्तकात बसत नाहीत, तिकडच्या पुस्तकात इक्बालांच्या चरित्राच्या एका प्रकरणापुरत्या येतात. २०१० मध्ये शिवॉन लॅम्बर्ट-हर्ली आणि सुनील शर्मा या दोन अभ्यासकांनी 'जमाना-ए-तहसील'चा इंग्रजी अनुवाद सविस्तर प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला, तेव्हा ही रोजनिशी पुन्हा वाचली जाऊ लागली.

अंबरनाथच्या त्या मुलीने शेवटी विचारले, "सर, त्यांचं स्पेलिंग काय?" मी फळ्यावर उर्दू, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही लिप्यांत नाव लिहिले. तिने मराठीतले उतरवून घेतले.