फोटोत सापडलेली साथ

१९१८च्या नोव्हेंबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत बॉक्सिंगचा एक सामना चालू होता. सभागृह भरलेलं. एका फोटोग्राफरनं कॅमेरा प्रेक्षकांकडे वळवला आणि फ्लॅश उडवला. त्या काळात फ्लॅश म्हणजे पावडरचा भडका, त्यामुळे गुपचूप फोटो काढायची सोय नव्हती. फोटो धुऊन आला, तेव्हा त्यात शहराचे महापौर जेम्स रॉल्फ दिसत होते. आरोग्य अधिकारी डॉ. विल्यम हॅस्लरही दिसत होते. दोघांच्याही तोंडावर मास्क नव्हता.

त्या शहरात तेव्हा मास्क न लावणं हा गुन्हा होता आणि तो गुन्हा ठरवून घेणाऱ्यांत हे दोघंच पुढे होते. महापौरांना ५० डॉलर दंड झाला, तोही त्यांच्याच पोलीस प्रमुखाकडून. डॉक्टर ५ डॉलरवर सुटले.

हा किस्सा मी पहिल्यांदा वाचला २०२०च्या लॉकडाउनमध्ये. घरात बसून जगभरच्या साथींचा इतिहास चाळायचा, मग फोन उघडून जगभरच्या माणसांना शिव्या घालायच्या, असा तेव्हा आपल्यापैकी अनेकांचा दिनक्रम होता. त्याच दिवसांत फोनवर अमेरिकेतल्या बीचचे फोटो येत होते. गर्दी, ऊन, लाटा, आणि खाली लोकांच्या अकलेचा उद्धार. मीही एक-दोन फोटो पुढे ढकलले असतील. शंभर वर्षांच्या अंतरानं काढलेले हे दोन फोटो नंतर डोक्यात एकमेकांशेजारी येऊन बसले. एकात बंद सभागृहात बसलेले राज्यकर्ते, दुसऱ्यात उघड्या आभाळाखाली फिरणारी साधी माणसं. साथ नेमकी कुठे पसरत होती?

आधी सॅन फ्रान्सिस्कोची गोष्ट पुरी करू.

१९१८च्या सप्टेंबरअखेर इन्फ्लुएन्झा या शहरात पोचला. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रुग्णांचे आकडे असे वाढले की १८ तारखेपासून शाळा, नाटकगृहं, सिनेमे, नाचाचे हॉल, सगळं बंद झालं. चर्चना उघड्यावर प्रार्थना घ्यायला सांगितलं गेलं. न्यायालयसुद्धा मोकळ्या जागेत भरलं. बाहेर मांडलेलं टेबल, न्यायाधीश, भोवती उभी माणसं, असा त्या न्यायालयाचा फोटो आजही पाहायला मिळतो. म्हणजे मोकळी हवा बरी, हे त्या लोकांना कळत होतं. ही बाब लक्षात ठेवा, कारण पुढे तीच विसरली गेली.

मग आला मास्क. आधी न्हावी, दुकानातले विक्रेते अशा लोकांसाठी, मग सगळ्यांना विनंती, आणि २४ ऑक्टोबरला नगरमंडळानं एकमतानं केलेला कायदा. रस्त्यावर, सार्वजनिक जागी, दोन किंवा जास्त माणसं जमतील तिथे नाका-तोंडावर मास्क हवा. जेवताना सूट. रेड क्रॉसनं काही दिवसांतच एक लाखभर मास्क वाटले. हे मास्क म्हणजे जखमेवर बांधतात त्या जाळीदार गॉझच्या घड्या, दोऱ्यांनी डोक्यामागे बांधलेल्या.

पहिलं महायुद्ध अजून संपलं नव्हतं. त्यामुळे मास्कचा प्रचारही युद्धाच्या भाषेत झाला. सैन्यात जायचं टाळणाऱ्या माणसाला तेव्हा 'स्लॅकर' म्हणत, अंगचोर. आता मास्क न लावणारा 'मास्क स्लॅकर' झाला. आरोग्याच्या नियमाला देशभक्ती चिकटली की तो पाळणं सोपं होतं आणि त्याच्याबद्दल शंका काढणं अवघड. २७ ऑक्टोबरच्या एका दिवसात पोलिसांनी ११० जणांना पकडलं. काहींच्या तोंडावर मास्क नव्हता, काहींचा गळ्यात लोंबत होता. बहुतेकांना ५ डॉलर दंड झाला आणि काही जण तुरुंगातही गेले. दुसऱ्याच दिवशी भर बाजारात मास्क लावायला नकार देणाऱ्या एका लोहाराची आरोग्य खात्याच्या एका निरीक्षकाशी झटापट झाली आणि निरीक्षकानं थेट गोळी झाडली. लोहार वाचला.

तरीही बहुतेकांनी मास्क लावला. ११ नोव्हेंबरला युद्ध थांबल्याची बातमी आली, तेव्हा हजारो माणसं मास्क लावून रस्त्यांवर नाचली. रुग्ण कमी होत गेले. १६ तारखेला नाटकगृहं उघडली. २१ नोव्हेंबरला दुपारी बाराला शहरभर भोंगे वाजले आणि लोकांनी मास्क ओढून रस्त्यात फेकले. फुटपाथवर गॉझचा खच पडला होता.

डिसेंबरात आजार परतला. डॉ. हॅस्लर पुन्हा मास्क लावा म्हणू लागले. पण नाताळचा हंगाम होता, मास्क लावलेलं गिऱ्हाईक दुकानात रेंगाळत नाही, अशी व्यापाऱ्यांची तक्रार होती. सक्तीचा प्रस्ताव पडला. त्याच महिन्यात डॉक्टरांच्या कार्यालयात कुणीतरी स्फोटकांचं पार्सल पाठवलं. ते फुटलं नाही. मग जानेवारीत एकाच दिवशी ६०० नवे रुग्ण नोंदले गेले, तेव्हा १७ जानेवारी १९१९पासून सक्ती परत आली.

या वेळी शहर ऐकेना. 'अँटी-मास्क लीग' नावाची संघटना उभी राहिली आणि २५ जानेवारीला ड्रीमलँड रिंक नावाच्या स्केटिंगच्या हॉलमध्ये तिची सभा भरली. कुणी दोन हजार लोक होते म्हणतं, कुणी साडेचार हजार. अध्यक्षस्थानी एक वकील बाई होत्या. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतल्या आणि महापौरांच्या राजकीय विरोधक. जमलेल्यांमध्ये काही डॉक्टरही होते. कुणाला फक्त अर्ज करून सक्ती उठवायची होती, कुणाला महापौरांनाच घरी पाठवायचं होतं, आणि त्यावरून सभेतच जुंपली.

या लीगची आज टिंगल होते. २०२०मध्ये तर इंटरनेटवर 'बघा, मूर्ख तेव्हाही होते' एवढ्यापुरतीच तिची आठवण काढली गेली. मला ती टिंगल पुरती पटत नाही. हजारो लोकांनी साथीच्या काळात एका हॉलमध्ये जमणं हा शुद्ध वेडेपणा होता, त्यात वाद नाही. पण त्यांचा एक प्रश्न रास्त होता: या मास्कचा उपयोग होतो, याचा पुरावा काय?

पुरावा तपासायचं काम केलं कॅलिफोर्नियाच्याच आरोग्य मंडळातल्या डॉ. विल्फ्रेड केलॉग यांनी. मास्कची सक्ती असलेलं स्टॉक्टन आणि सक्ती नसलेलं बॉस्टन, या दोन शहरांतल्या मृत्यूंचे आलेख त्यांनी शेजारी ठेवले. फारसा फरक दिसेना. मग १९२०मध्ये त्यांनी प्रयोगशाळेतल्या चाचण्या छापल्या. गॉझचे थर कमी असले तर जंतू आरपार जातात. थर वाढवले तर श्वास घेणं जड होतं आणि हवा कडेनं आत-बाहेर करते. सरकारी माणसानंच सरकारी उपायाची अशी चिरफाड करावी, ही त्या सगळ्या प्रकरणातली मला सर्वात आवडलेली गोष्ट आहे.

मात्र यावरून 'मास्क निरुपयोगी' असं कुणी म्हटलं, तर तो केलॉगवर अन्याय होईल. त्यांनी तपासला तो गॉझचा मास्क, तोही सक्तीचा. शिवाय कायद्याचा मसुदा पुन्हा पाहा. रस्त्यावर मास्क लावा, जेवताना काढा. म्हणजे भर वाऱ्यात चालणाऱ्याला पोलीस पकडणार, आणि खानावळीत खांद्याला खांदा लावून तासभर गप्पा मारत जेवणारा निर्दोष. घरात तर कुणी विचारणारच नाही. नियम कडक होता, पण जिथे पोलिसाची नजर पोचते तिथेच. १ फेब्रुवारी १९१९ला सक्ती उठली. पाचेक लाख वस्तीच्या त्या शहरानं शरद आणि हिवाळा मिळून ३,०००हून जास्त माणसं गमावली. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांत हे प्रमाण सर्वात वाईट ठरलेल्यांपैकी होतं.

आता २०२०.

या वेळी घोळ सरकारी सल्ल्यापासूनच सुरू झाला. फेब्रुवारीअखेर अमेरिकेचे सर्जन जनरल ट्विटरवर लोकांना सांगत होते की मास्क विकत घेणं थांबवा. ३ एप्रिलला तिथल्याच रोगनियंत्रण केंद्रानं सांगितलं की कापडी मास्क लावा. पाच आठवड्यांत सल्ला उलटा झाला. मास्कचा तुटवडा होता, डॉक्टर-नर्सना ते आधी मिळायला हवे होते, एवढंच कारण सरळ सांगितलं असतं तर लोकांना कळलं असतं. तेवढ्यावर थांबलं गेलं नाही, आणि पुढच्या भांडणाला तिथेच खतपाणी मिळालं.

१७ एप्रिलला संध्याकाळी ५ वाजता फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल भागातले बीच उघडले. वेळ ठरलेली: सकाळी ६ ते ११, संध्याकाळी ५ ते ८. चाला, पळा, पोहा, पण बसू नका. टॉवेल, खुर्ची, खाण्यापिण्याची पेटी, सगळ्याला मनाई. खरं तर बराच समजूतदार नियम. पण फोटो आले आणि काही तासांत 'फ्लोरिडा मोरॉन्स' हा हॅशटॅग देशभर पसरला. मोरॉन म्हणजे अक्कलशून्य. पुढे मे महिन्यात फ्लोरिडातलाच एक वकील काळा झगा घालून, हातात लांब दांड्याचं कोयतं घेऊन, यमदूताच्या वेशात बीचवर फिरू लागला. त्याचेही फोटो जगभर गेले.

फोटोंचं एक गणित असतं. लांबच्या लेन्समधून किनाऱ्याच्या रेषेत फोटो काढला की शंभर पावलांवरची माणसं एकमेकांना चिकटलेली दिसतात. डेन्मार्कमधल्या दोन फोटोग्राफरांनी याच एप्रिलमध्ये तेच लोक, तीच जागा दोन लेन्समधून टिपून दाखवली. एका फोटोत रेटारेटी, दुसऱ्यात चांगलं ऐसपैस अंतर. गर्दी कुठेच नव्हती असं नाही. कॅलिफोर्नियात ऑरेंज काउंटीच्या बीचवर एप्रिलच्या शेवटच्या शनिवार-रविवारी खरोखर खूप लोक आले होते. पण गर्दीचा अंदाज फोटोवरून बांधायचा, तर हे गणित माहीत हवं.

त्याच एप्रिलमध्ये साऊथ डकोटातल्या सू फॉल्स शहरात डुकराच्या मांसाच्या एका कारखान्यात कोविड पसरला. महिन्याच्या मध्यापर्यंत त्या एका कारखान्याशी जोडलेले रुग्ण ६००च्या वर गेले. कामगार थंड, बंद जागेत, पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना खांद्याला खांदा लावून उभे, यंत्रांच्या आवाजात एकमेकांशी ओरडून बोलणारे. त्यात मोठी संख्या परदेशांतून आलेल्यांची. आतला फोटो काढायला फोटोग्राफर जाऊ शकत नव्हता. या कामगारांसाठी कुठला हॅशटॅग देशभर गाजला नाही.

आणि मग दोन तारखा येतात. २८ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी युद्धकाळासाठी केलेला एक जुना कायदा वापरून मांसाचे कारखाने चालू ठेवण्याचा हुकूम काढला. ३० एप्रिलला कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी ऑरेंज काउंटीचे बीच बंद केले. एक रिपब्लिकन, दुसरे डेमोक्रॅट, दोघांचं एकमेकांशी पटायचं नाही. तरी दोन दिवसांत मिळून त्या देशानं जे केलं ते असं: बंद खोली चालू, मोकळी हवा बंद. दुसऱ्या दिवशी हंटिंग्टन बीचला हजारो लोक विरोध करायला जमले. बरेच जण बिनमास्कचे, अगदी जवळजवळ उभे. म्हणजे बीचसाठी भांडायला आलेल्यांनी बीचवर असते त्याहून जास्त गर्दी केली.

न्यूसमना एक सवलत द्यायला हवी. विषाणू हवेतून कसा, किती पसरतो हे तेव्हा ठाम सांगणं कठीण होतं. २३९ शास्त्रज्ञांनी जागतिक आरोग्य संघटनेला 'हवेतून होणारा प्रसार मान्य करा' असं जाहीर पत्र लिहिलं ते जुलैमध्ये. पण १९१८च्या न्यायाधीशांना टेबल बाहेर मांडण्यासाठी कुठल्या पत्राची गरज लागली नव्हती.

मुंबईत काय झालं, ते आपल्याला आठवतंच. ८ एप्रिल २०२०ला महापालिकेनं मास्क सक्तीचा केला, तो १८९७च्या साथरोग कायद्याच्या आधारानं. प्लेगच्या वर्षी, याच मुंबई-पुण्याच्या धास्तीनं केलेला तो कायदा. चौपाट्या बंद होत्या. जूनच्या सुरुवातीला 'मिशन बिगिन अगेन' आलं आणि पहाटे ५ ते संध्याकाळी ७ चालायला-पळायला मोकळीक मिळाली. लगेच मरीन ड्राइव्हच्या गर्दीचे फोटो फिरले, आणि लोकांना अक्कल नाही हा निकालही.

जुलैमध्ये शहरातल्या तीन वॉर्डांत रक्ततपासणीची पाहणी झाली. झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात कोविडच्या अँटिबॉडी सापडल्या, इमारतींमध्ये राहणाऱ्यांत सुमारे १६ टक्के. एकच शहर, एकच महिना. फरक होता तो दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहण्याचा आणि सकाळी सामायिक संडासाच्या रांगेचा. चौपाटी ही अशा खोलीतल्या माणसाची गच्ची असते, बाल्कनी असते आणि अंगणही असतं. ज्याच्याकडे खरी बाल्कनी होती त्यानं तिथे उभं राहून थाळ्या वाजवल्या, आणि चौपाटीवर जाणाऱ्याला नावं ठेवली. मीसुद्धा बाल्कनीवाल्यांतलाच.

पुढच्या वर्षी दुसरी लाट आली. ५ एप्रिल २०२१पासून राज्यानं नवे निर्बंध लावले. त्यात कारखाने चालू ठेवायला परवानगी होती. चौपाट्या आणि बागा रात्री बंद, आणि शनिवार-रविवारी पूर्ण बंद. आठवडाभर कारखान्यात काम करणाऱ्या अनेकांना सुट्टी असते, ती याच दोन दिवसांत.